बारावी, धाप लागणं आणि रोजची पस्तीस मिनिटं

निळी_छत्री | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज धागा काढायची वेळ आली.

माझी लेक बारावीला आहे, सायन्स. आम्ही ठाण्यात राहतो. ऑक्टोबरमध्ये तिच्या क्लासची केमिस्ट्रीची टेस्ट होती. सव्वा तास झाला असेल नसेल, फोन आला की मुलीला घ्यायला या. मी पोचले तर ती जिन्याच्या पायरीवर बसलेली, शेजारी तिची मैत्रीण. दोन्ही हात मांडीवर आणि बोटं वळलेली. भाताचा घास उचलताना पाची बोटं टोकाशी एकत्र येतात ना, अगदी तशी. फक्त ती सुटत नव्हती. मी हात हातात घेऊन चोळले, बोटं सरळ करायला गेले, पण ती ताठच. "आई, मला पेन धरता येत नाहीये," एवढंच ती परत परत म्हणत होती. ओठांना मुंग्या, तळवे गार, आणि तीन मजले पळत चढून आल्यासारखी धाप. मी म्हणत होते, "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे," आणि त्याने ते वाढतच होतं.

क्लासमधलं कुणीतरी माझ्या देखत म्हणालं, "हल्लीची मुलं नाटकी झालीत." ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्या बोटांत नाटक नव्हतं. मी ती धरून पाहिली होती.

डॉक्टरांनी ईसीजी, साखर, कॅल्शियम, थायरॉइड सगळं बघितलं. सगळं नॉर्मल. म्हणाले, घाबरून श्वास भराभर घेतला गेला त्यामुळे झालं, सावकाश श्वास घ्यायला शिकवा, जमलं तर योग सुरू करा.

तेव्हापासून घरात चर्चा सुरू आहे. सासूबाई म्हणतात, रोज बारा सूर्यनमस्कार घालू दे. नवरा म्हणतो, बोर्ड तीन महिन्यांवर आलं, आता नवीन खूळ नको. लेकीचं म्हणणं वेगळंच आहे: "ह्याने शरीरात खरंच काही होतं का, ते मला सांगा. नुसतं मन रमवायचं असेल तर मला वेळ नाही."

तिचा प्रश्न मला रास्त वाटतो. परीक्षेच्या ताणात शरीरात नक्की काय होतं आणि योगाने त्यात नक्की काय बदलतं? आता सुरू केलं तर फेब्रुवारीपर्यंत उपयोग होईल का? ज्यांनी स्वतः केलंय किंवा मुलांकडून करून घेतलंय त्यांनी जरूर लिहा. 'योगाने सगळं बरं होतं' असं कृपया नको. खरंखुरं हवंय.

---

पामबीच | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी डॉक्टर आहे, नेरुळला राहते, बरीच वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आहे. आधी बोटांचं सांगते, कारण तिथेच अर्धं उत्तर आहे.

मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. घाबरल्यावर ते खूप वाढतात. आपल्याला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून आपण आणखी ओढतो. प्रत्यक्षात ऑक्सिजन भरपूर असतो आणि कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. तो कमी झाला की रक्त थोडं अल्कधर्मी होतं. अशा रक्तात कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं आणि नसांना लागणारं मोकळं कॅल्शियम कमी पडतं. म्हणून एरवीच्या तपासणीत एकूण कॅल्शियम नॉर्मल येतं, पण नसा मात्र चाळवलेल्या असतात. ओठांना मुंग्या येतात, बोटं तुम्ही वर्णन केलीत तशी वळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, त्यामुळे गरगरतं आणि समोरचं वाचलेलं आत शिरत नाही. हे सगळं रसायनशास्त्र आहे. केमिस्ट्रीच्या पेपरात तिच्याच रक्तात घडलेलं. तिला हे असं सांगा, तिला बरं वाटेल.

'मोठा श्वास घे' हे आपण सगळेच म्हणतो, पण त्या क्षणी ते उलटं पडतं. अशा वेळी श्वास मोठा नको, सावकाश हवा, आणि सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं.

आता ताण. शरीरात तो दोन वाटांनी येतो. एक वाट सेकंदांची: सिंपथेटिक चेतासंस्था, म्हणजे धोका दिसला की शरीराला लढायला-पळायला तयार करणाऱ्या नसा, आणि ॲड्रेनलिन. छातीत धडधड, तोंड कोरडं, हात गार, पोटात गोळा. दुसरी सावकाश: मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथीला, आणि तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक येतं. ते रक्तात टिपेला पोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. कॉर्टिसॉल वाईट नाही, सकाळी आपल्याला जाग आणतं तेच. पण ते चढलेलं असताना आधी साठवलेलं आठवणं अवघड होतं. 'घरी येत होतं, तिथे आठवलंच नाही' असं मूल म्हणतं तेव्हा ते बऱ्याचदा खोटं बोलत नसतं.

आणि हे पेपरच्या तीन तासांपुरतं राहत नाही. अमेरिकेत ओहायोमध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या तोंडात, टाळूवर, साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम दोनदा केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या दिवसांत. परीक्षेच्या दिवसांत ती भरायला सरासरी ३ दिवस जास्त लागले, म्हणजे ४० टक्के जास्त वेळ. हे १९९८ सालचं काम. परीक्षेच्या तोंडावरच सर्दी का होते, तोंड का येतं, याची ही एक बाजू.

योगाबद्दल संध्याकाळी लिहिते, ओपीडी आहे.

---

खारघर_टेकडी | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

आमच्या पुतण्याला असंच व्हायचं. कागदी पिशवी तोंडाला लावून श्वास घ्यायला सांगायचे, उतरायचं. पेन्सिल-पाऊचमध्ये एक ठेवून द्या.

---

पामबीच | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

खारघर_टेकडी, पिशवी नको. पूर्वी सांगायचे, आता सांगत नाहीत. धाप दम्याची किंवा दुसऱ्या कशाची असेल तर पिशवीने ऑक्सिजन कमी होऊन धोका होतो, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये हा फरक कोण ओळखणार? ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून सावकाश फुंकर सोडायची. गरम दुधावर घालतो तशी.

---

कचराळीचा_फेरा | १३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

माझा मुलगा मागच्या वर्षी बारावी झाला, त्या अनुभवावरून लिहितो. मी योगाच्या विरोधात नाही, रोज सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारतो, शेवटी थोडी आसनंही करतो. पण बारावीच्या मुलाचा दिवस बघा. कॉलेज, क्लास, टेस्ट सिरीज, घरी येईपर्यंत रात्रीचे नऊ. त्यात आपण आणखी एक गोष्ट घुसवतो. माझ्या मुलाला आम्ही पहाटे पाचला उठवून योगाला पाठवलं. दीड महिन्याने तो म्हणाला, "बाबा, मला योग नको, झोप हवी." तो बरोबर होता. आधीच सहा तास झोपणाऱ्या मुलाची आणखी एक तास झोप काढून घेऊन त्याला शांत कसं करणार होतो आम्ही?

तेव्हा ताई, आधी झोप मोजा. मग बाकीचं.

---

पहाटेची_सतरंजी | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

कचराळीचा_फेरा, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि मी योगशिक्षिका असून म्हणतेय. झोप कापून योग करायचा नाही.

मी नौपाड्यात २२ वर्षं वर्ग घेते. ठाण्यात योगाला तोटा नाही. घंटाळी मित्र मंडळ आहे, अंबिका योग कुटीर आहे, इथल्या कित्येक घरांत आजीपासून नातवापर्यंत कुणी ना कुणी तिथे जाऊन आलेलं असतं. त्यामुळे मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना आसनांची नावं माहीत असतात. श्वास माहीत नसतो.

बारावीचं मूल पहिल्या दिवशी आलं की मी त्याला उताणं झोपवते, पोटावर एक वही ठेवते, छातीवर हात. म्हणते, कोण हलतंय बघ. दहातल्या आठ मुलांचा हात हलतो, वही हलत नाही. वरच्या वर श्वास. पहिला आठवडा आम्ही फक्त वही हलवतो. दुसरं काही नाही. आईवडिलांना वाटतं, फी घेऊन नुसतं झोपवतात.

त्यानंतर मार्जारासन, ताडासन, पर्वतासन, भुजंगासन, शशांकासन, एवढंच. शेवटी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, आणि शवासन. शीर्षासन नाही, श्वास रोखणं नाही. कपालभाती रात्री अजिबात नाही. ती भराभर झटक्याने श्वास सोडायची, उत्तेजित करणारी क्रिया आहे, रात्री अकराला करून मुलं दोनपर्यंत टक्क जागी राहतात आणि मग मला विचारतात, झोप का येत नाही. शिवाय तुमच्या मुलीसारख्या मुलीला, जिचा श्वास आधीच पळतो, तिला कपालभाती आणि भस्त्रिका दोन्ही सध्या नकोच. पाळीच्या दिवसांत पोटावर ताण येणारं काही नाही.

सासूबाईंना सांगा, सूर्यनमस्कार चांगलेच आहेत. सकाळी सहा घालू दे, संथ. पण तिची अडचण श्वास सोडण्यात आहे, तिथून सुरुवात करू दे.

---

पामबीच | १३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

पोटावरच्या वहीची गोष्ट फार आवडली, मी आता विद्यार्थ्यांना हीच सांगणार.

आता योगाने काय होतं ते. छातीत धडधडू नकोस, घाम येऊ नकोस, असं शरीराला सांगून काही होत नाही. आपोआप चालणाऱ्या या सगळ्यांत श्वास एकटाच असा की तो सांगितलेलंही ऐकतो. आणि त्याचं सूत्र हृदयाला बांधलेलं आहे. मनगटावर नाडी धरून बसा. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना किंचित सावकाश. सोडताना व्हेगस नावाच्या नसेचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आणले की हा चढउतार मोठा होतो, रक्तदाब सांभाळणारी यंत्रणाही चांगली चालते. हे कुणालाही घरी बोटाखाली जाणवतं. श्रद्धा लागत नाही.

तुमच्या लेकीला हवाय तो पुरावा: २०११ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ योगामध्ये एक अभ्यास आला. एमबीबीएस पहिल्या वर्षाचे ६० विद्यार्थी, ३० योगाच्या गटात, ३० दुसऱ्या. योगाच्या गटाने शिक्षकासमोर रोज ३५ मिनिटं, १२ आठवडे सराव केला. मग परीक्षा आली. दुसऱ्या गटात परीक्षेच्या वेळी नाडी, श्वास, रक्तदाब ठळक वाढले. योगाच्या गटात तशी वाढ दिसली नाही. कॉर्टिसॉल मात्र दोन्ही गटांत वाढलं, योगाच्या गटात कमी. प्रतिकारशक्तीचा इंटरफेरॉन गॅमा नावाचा एक घटक दोन्हीकडे घटला, योगाच्या गटात कमी घटला.

हे नीट वाचा. योग करणाऱ्यांनाही ताण आला. फक्त शरीराने तेवढी उसळी मारली नाही. आणि गट लहान, शिवाय दुसऱ्या गटाला त्याऐवजी काहीच दिलं नव्हतं. म्हणजे गुण आसनांचा, श्वासाचा, की रोज अर्धा तास पुस्तक मिटून सगळ्यांबरोबर शांत पडून राहण्याचा, हे यातून वेगळं काढता येत नाही. मला व्यक्तिशः वाटतं तिन्हीचा. पण ते माझं मत.

१२ आठवडे हा आकडा मात्र लक्षात ठेवा. आज १३ नोव्हेंबर. आज सुरू केलंत तर ५ फेब्रुवारीला १२ आठवडे होतात.

---

कचराळीचा_फेरा | १३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

डॉक्टर, धन्यवाद, प्रामाणिकपणे लिहिलंत. पण हिशेब करा: रोज ३५ मिनिटं, ८४ दिवस, म्हणजे ४९ तास. ४९ तासांत फिजिक्सची पूर्ण उजळणी होते. आईबापाच्या पोटात गोळा येतो तो इथे.

---

ऐरोली_पीसीबी | १४ नोव्हेंबर, पहाटे १२:५०

काका, मी दोन वर्षांपूर्वी बारावी झाले, म्हणून लिहिते. त्या ४९ तासांतले बरेच तास मी पुस्तक उघडं ठेवून एकच पान बघत असायचे. रात्री दहा ते एक अभ्यास, असं घरी दिसायचं. त्यातला अभ्यास तासाभराचा. बाकी वेळ पोटात ढवळत असायचं आणि मी समासात रेघा मारायचे. ते तास कुणी मोजत नाही.

निळी_छत्री काकू, माझी चूक सांगते, तिने करू नये म्हणून. मी योग प्रिलिमच्या आदल्या रात्री सुरू केला, फोनवर व्हिडिओ लावून. डोळे मिटून शांत पडले तर छातीतली धडधड कानात ऐकू यायला लागली. इतकी भीती वाटली की उठून दिवा लावला. मला वाटलं, सगळ्यांना जमतं, आपल्यातच काहीतरी बिघाड आहे. मग आत्येने शिकवलं, जानेवारीपासून. ती म्हणाली, डोळे उघडे ठेव, पंख्याकडे बघ, फक्त श्वास सोडताना पाच अंक मोज.

मार्चपर्यंत काय झालं? भीती गेली नाही. वाशीच्या सेंटरवर अकराच्या पेपरला साडेदहाला आत. उत्तरपत्रिका हातात, सीट नंबर लिहून झाला, बारकोडचं स्टिकर लावून झालं, आणि मग ती रिकामी मिनिटं. पूर्वी माझं तिथेच संपायचं. त्या मिनिटांत मी पाय जमिनीला टेकवून, हात बाकावर पालथे ठेवून श्वास सोडत बसायचे. शेजारची मुलगी विचारायची, झोप आलीय का? बायोलॉजीला पहिलाच प्रश्न येत नव्हता. हात गार पडले, पण पान उलटून पुढचा प्रश्न वाचता आला. माझ्यासाठी योगाने केलेलं काम एवढंच. मला ते खूप मोठं वाटतं.

---

मान_पाठ_खांदे | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

फिजिओ आहे, वाशीत. जानेवारी-फेब्रुवारीत माझ्याकडे सोळा-सतरा वर्षांची मुलं मान धरून येतात. बेडवर लोळून, मांडीवर उशी, उशीवर पुस्तक, मान पुढे. अशा बैठकीत पोट दुमडलेलं असतं, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या स्नायूला खाली सरकायला जागाच नसते. मग श्वास मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंनी ओढला जातो. ते स्नायू दिवसभर हेच काम करून दुखतात. म्हणजे वही न हलण्यामागे बसण्याची पद्धतही असते. टेबल-खुर्ची द्या, पाय टेकले पाहिजेत, दर पाऊण तासाने उठून ताडासन, दोन्ही हात वर, टाचा वर, तीनदा. मिनिटसुद्धा लागत नाही.

---

निळी_छत्री | १६ नोव्हेंबर, रात्री ११:००

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? पामबीच ताई, बोटांमागचं कारण लेकीला वाचून दाखवलं. तिने स्वतः वही काढून कार्बन डायऑक्साइड, कार्बोनिक आम्ल, बायकार्बोनेट असं समीकरण मांडलं आणि म्हणाली, "म्हणजे माझं पीएच वाढलं होतं." महिन्याभरात पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल ती न रडता बोलली. ऐरोली_पीसीबी, तुझं लिहिणं तिने दोनदा वाचलं.

ठरवलंय. संध्याकाळी क्लास आणि जेवण यांच्यामध्ये, साडेसातला, घरीच, ३५ मिनिटं. सुरुवातीला इमारतीतल्या एक शिक्षिका आठवड्यातून दोनदा येतील. झोप साडेअकरा ते साडेसहा, तिला हात लावायचा नाही. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर काढलाय, आधी आणि नंतर नाडी वहीत लिहिणार. काल आधी ९८, नंतर ८४.

---

पहाटेची_सतरंजी | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

छान. फक्त शिक्षिका आल्या की तुम्ही त्या खोलीत बसू नका.

---

निळी_छत्री | २१ डिसेंबर, रात्री ११:३०

पाच आठवडे झाले. एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

परवा तिचा योग करून झाला, मी नेहमीसारखा ऑक्सिमीटर पुढे केला. नाडी १०२ आली. मी म्हटलं, "अगं, वाढली कशी? नीट केलंस ना?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, आता ह्यातपण मी नापास का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तिला शांत व्हायला दिलेली एकच जागा होती, आणि तिथेही मीच सुपरवायझर होऊन उभी राहिले होते. सतरंजी आजी, तुम्ही खोलीत बसू नका म्हणालात ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. वही कपाटात ठेवली, ऑक्सिमीटर सासूबाईंच्या औषधांच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, मीपण शेजारी पडते, मला कुणी तपासायचं नाही, तुलाही नाही. ती काही बोलली नाही, पण सतरंजी थोडी सरकवून जागा केली.

आता रोज साडेसातला आम्ही दोघी. भ्रामरीला तिचा आवाज माझ्यापेक्षा लांब जातो. सासूबाई पलंगावर बसून 'म्' म्हणतात.

---

पामबीच | २२ डिसेंबर, सकाळी ७:३०

वाचून डोळे भरले. वही बंद केलीत ते उत्तम. नाडी तशीही जेवण, चहा, उकाडा, पाळी, अशा दहा गोष्टींनी हलते, एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही.

भ्रामरीची एक गोष्ट लेकीला आवडेल. गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड शांतपणे श्वास सोडण्याच्या तुलनेत सुमारे १५ पट असतो, स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजलं होतं. नाकाभोवतीच्या पोकळ्यांतली हवा त्या कंपनाने खेळती होते. हे नाकापुरतं आहे, याने मार्क वाढतात असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ताणाच्या दृष्टीने भ्रामरीचा फायदा साधा आहे: गुणगुणायचं तर श्वास लांब सोडावाच लागतो.

---

पहाटेची_सतरंजी | २२ डिसेंबर, दुपारी ४:१०

मोजण्यावरून आठवलं. योगाचं शरीरावर काय होतं हे प्रयोगशाळेत मोजायचं काम आपल्याकडेच सुरू झालं, लोणावळ्याला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि क्ष-किरणांपासून दाबमापकापर्यंत सगळं लावून उड्डियान, नौली या पोटाच्या क्रिया तपासल्या. तेव्हा मोजू नये असं नाही. मोजायचं ते अभ्यासकांनी. आईने सतरंजीवर पडायचं, तुम्ही तेच केलंत.

---

कचराळीचा_फेरा | २२ डिसेंबर, रात्री ९:४०

ताई, मी तासांचा हिशेब मांडला होता. तुमचं वाचल्यावर आज मुलाला फोन केला, तो पुण्यात होस्टेलला आहे. विचारलं, तेव्हा तुला काय हवं होतं? म्हणाला, "बाबा, संध्याकाळी तुमच्याबरोबर तलावाला एक फेरी मारली असती तर चाललं असतं. पण तुम्ही विचारलं नाहीत." यावर मला काही सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

एक भर घालतो, सगळ्या पालकांसाठी. मूल जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलत असेल, तर ते योगावर सोडू नका. सरळ डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलतात.

---

निळी_छत्री | फेब्रुवारी, केमिस्ट्रीच्या दिवशी, संध्याकाळी ५:१०

केमिस्ट्री झाला.

गेटवर उभी होते, दोनच्या आधीपासून. ती बाहेर आली, आधी तिचे हात बघितले. एकात पाऊच, एकात पाण्याची बाटली. रिक्षात बसल्यावर सांगितलं. ऑरगॅनिकचा एक प्रश्न वाचताना ओठाला मुंगी आली, तिने ओळखली. पेन खाली ठेवलं, फुंकर सोडली, दहादा. घड्याळात पाहिलं तर दीड मिनिट गेलं होतं. पेन उचललं आणि तो प्रश्न सोडून पुढचा लिहिला. नंतर सप्लिमेंट घेतली, तीन मार्कांचं एक राहिलं. "राहू दे," म्हणाली. घरी येऊन वरणभात खाल्ला, आता झोपलीय.

पेपर कसा गेला ते मी विचारलेलं नाही.

---

खारघर_टेकडी | त्याच दिवशी, संध्याकाळी ६:००

ताई, मनापासून आनंद झाला. मुलगी गुणी आहे.

माझा धाकटा दहावीला आहे, त्यालाही पेपरच्या आधी पोटात ढवळतं. आठ-दहा दिवसच हातात आहेत. त्याला आता सगळी आसनं सुरू करून देऊ का?

---

पहाटेची_सतरंजी | त्याच दिवशी, संध्याकाळी ७:२५

आता नवीन काही नको. अंग धरलं तर त्याचीच धास्ती. रात्री झोपताना पोटावर वही ठेवून पाच मिनिटं, पेपरला निघण्यापूर्वी दहा लांब उच्छ्वास, आणि साडेदहाला दिवा बंद. पेपर संपले की एप्रिलमध्ये त्याला माझ्या वर्गाला पाठवा, किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही. अकरावी सुरू होण्याआधी त्याच्याकडे भरपूर आठवडे असतील.